फायबर मोजतं ते फक्त स्वतःला

काचेच्या तंतूत, म्हणजे फायबरमध्ये, सोडलेला प्रकाश सगळाच्या सगळा पलीकडे पोचत नाही. तंतू ओढताना काचेची घनता जागोजागी किंचित कमीजास्त राहते आणि तशीच गोठते. त्या असमानतेवर आदळून प्रकाशाचा नगण्य अंश उलटा फिरतो. टेलिकॉमच्या हिशेबात हा तोटा, पण सेन्सिंगचं, म्हणजे फायबरलाच सेन्सर म्हणून वापरण्याचं, सगळं दुकान याच तोट्यावर चालतं.

परत येणाऱ्या प्रकाशाच्या तीन जाती. रॅले, म्हणजे गेला त्याच तरंगलांबीचा परतलेला. ब्रिलुआँ, म्हणजे काचेतल्या ध्वनिलहरींवरून परतताना १५५० नॅनोमीटरच्या आसपास साधारण १०.८ गिगाहर्ट्झ सरकलेला. आणि रामन, तब्बल १३ टेराहर्ट्झच्या आसपास सरकलेला. रॅलेवरून कंपनं, ब्रिलुआँवरून स्ट्रेन (लांबी मूळ लांबीच्या कितव्या भागाने बदलली ते) आणि तापमान दोन्ही, रामनवरून फक्त तापमान. यापलीकडे चौथा मार्ग म्हणजे फायबरमध्ये मुद्दाम कोरलेलं ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे एका ठरावीक तरंगलांबीलाच परतवणारे बारीक पट्टे. तिथे प्रकाश आपोआप परतत नाही, आपण ठरवलेल्या जागेवरून परतवला जातो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतली प्रगती मुख्यतः पेटीत झाली आहे, म्हणजे लेझर, डिटेक्टर आणि मागची गणनाशक्ती यांत. पेटीचे आकडे बघून लोक हरखून जातात. पण फायबर मोजतं ते फक्त स्वतःला: स्वतःची लांबी, स्वतःचं तापमान, स्वतःवरचा ताण. पूल, पाइपलाइन, जमीन यांचं जे काही होतंय ते फायबरपर्यंत पोचवणं हे गोंदाचं, केबलचं आणि मातीचं काम आहे. बिघाड होतात तेही बहुतेक तिथेच.

ब्रॅग ग्रेटिंगपासून सुरुवात करू, कारण त्यात हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. फायबरमध्ये प्रकाशाने असे कायमचे पट्टे उमटवता येतात हे १९७८ मध्ये कॅनडात केन हिल यांच्या प्रयोगांत दिसलं. १९८९ मध्ये बाजूने अतिनील किरण टाकून हव्या त्या तरंगलांबीचं ग्रेटिंग लिहिता येऊ लागलं, आणि १९९३ च्या फेज मास्कनंतर (पट्ट्यांचा ठसा पाडणारा साचा) त्याचं घाऊक उत्पादन शक्य झालं. आता फेम्टोसेकंद लेझर आले आहेत. त्यांचा मोठा फायदा म्हणजे कोटिंग न सोलता, त्याच्या आरपार लिहिता येतं. जुन्या पद्धतीत कोटिंग काढायचं, लिहायचं आणि पुन्हा कोटिंग चढवायचं. फायबर तुटायचं ते नेमकं त्याच जागी. शिवाय फेम्टोसेकंदने काचेची रचनाच बदलून लिहिलेलं ग्रेटिंग १००० अंश सेल्सिअसच्या आसपासही टिकतं. साधं अतिनील ग्रेटिंग त्याच्या कितीतरी आधीच पुसलं जातं.

आकडे पाठ असावेत. १५५० नॅनोमीटरला १ मायक्रोस्ट्रेनने, म्हणजे लांबीच्या दहा लाखाव्या भागाने, तरंगलांबी सुमारे १.२ पिकोमीटर सरकते, आणि मोकळ्या फायबरमध्ये १ अंशाने सुमारे १० पिकोमीटर. म्हणजे १ अंशाची चूक ८ मायक्रोस्ट्रेनला पडते. पोलादावर चिकटवलं की पोलादाचं प्रसरणही फायबरला ताणतं आणि आकडा दर अंशाला सुमारे २४ पिकोमीटरवर जातो. समजा तापमान १५ अंशांनी चढलं. सरक ३६० पिकोमीटर. त्यातले १५० निव्वळ काचेचे. उरलेले २१० पोलादाचं खरंखुरं प्रसरण आहे, पण त्यामागे भार काडीचाही नाही. दुरुस्ती न करता हे सगळं स्ट्रेन म्हणून वाचलं तर ३०० मायक्रोस्ट्रेन दिसतात, आणि पोलादाच्या ताठरपणाने, म्हणजे २०० गिगापास्कलने, गुणले तर ६० मेगापास्कलचा ताण, जो मुळात अस्तित्वातच नाही. म्हणून शेजारी त्याच पोलादाचा, पण भार न येणारा छोटा तुकडा ठेवून त्यावर दुसरं ग्रेटिंग चिकटवतात. मोकळं लटकवलेलं ग्रेटिंग फक्त १० पिकोमीटरवाला भाग देतं, प्रसरणाचा देत नाही. ही गल्लत फार होते.

आता चिकटवणं. पृष्ठभाग ३२० ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकाच दिशेने पुसा. पुढे-मागे पुसलं तर काढलेलं तेल परत लागतं. आकुंचन (दबणं) मोजायचं असेल तर फायबर आधी थोडं ताणून घ्या, १ ते २ नॅनोमीटर सरकेपर्यंत. म्हणजे ८०० ते १६०० मायक्रोस्ट्रेनपर्यंत दबायला जागा राहते. ढिलं फायबर आकुंचन दाखवत नाही, नुसतं वाकतं. काही तासांच्या चाचणीला सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) चालतो, पण तो ओलाव्याने आणि वयाने ठिसूळ होतो. वर्षानुवर्षं टिकायला हवं असेल तर दोन भागांचा इपॉक्सीच, आणि थर शक्य तितका पातळ. ॲक्रिलेट कोटिंग मऊ असतं, त्यातून ताण फायबरपर्यंत पूर्ण पोचायला ग्रेटिंगच्या दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटर चिकटवावं लागतं, आणि दीर्घकाळ ताणलेलं राहिलं तर ते हळूहळू घसरतं. पॉलिइमाइड कोटिंगला कमी लांबी पुरते आणि ते ३०० अंशांपर्यंत टिकतं. ॲक्रिलेटची मर्यादा साधारण ८५.

गोंद वाळत असताना स्पेक्ट्रमवरची, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परतला त्या आलेखावरची, नजर हलवू नका. चिकटवण्याआधी एकच टोकदार शिखर दिसतं. गोंद आकसताना फायबरला बाजूने आवळतो किंवा ग्रेटिंगच्या एका अर्ध्याला जास्त ताणतो, आणि शिखराला खांदा फुटतो, कधी सरळ दोन शिखरं होतात. शिखर शोधणारं सॉफ्टवेअर मग कधी या शिखरावर बसतं, कधी त्या. शिखरांत ५० पिकोमीटरचं अंतर असेल तर काळाच्या आलेखात सुमारे ४० मायक्रोस्ट्रेनच्या पायऱ्या उमटतात, आणि महिनाभर लोक त्या पायऱ्यांचं कारण पुलात शोधत बसतात. चिकटवण्याआधीचा आणि नंतरचा पूर्ण स्पेक्ट्रम साठवून ठेवला तर हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. नुसता शिखराचा आकडा साठवणं म्हणजे पुरावा फेकून देणं.

एका फायबरवर किती ग्रेटिंग बसतील? इंटरोगेटरची, म्हणजे वाचणाऱ्या पेटीची, तरंगलांबीची खिडकी ८० नॅनोमीटर धरा. प्रत्येक सेन्सर ±१५०० मायक्रोस्ट्रेनसाठी ±१.८ आणि पोलादावर ±३० अंशांसाठी ±०.७ नॅनोमीटर खातो. म्हणजे प्रत्येकी ५ नॅनोमीटर, एकूण १६. मध्ये मोकळी जागा सोडली की १२-१३. यापेक्षा जास्त कोंबले तर एखाद्या टोकाच्या दिवशी दोन शिखरं एकमेकांना ओलांडतात, आणि नंतर कुठलं कुणाचं ते सांगता येत नाही.

तापमानाचं सलग मोजमाप रामनवर चालतं. त्यात कमी तरंगलांबीकडे सरकलेल्या अँटी-स्टोक्स आणि जास्त तरंगलांबीकडे सरकलेल्या स्टोक्स प्रकाशाचं गुणोत्तर घेतात. १० नॅनोसेकंदांची पल्स म्हणजे १ मीटरचं विभेदन, त्याहून जवळच्या दोन जागा वेगळ्या ओळखता येत नाहीत. सरासरीचा वेळ चौपट केला की नॉईज निम्मा होतो, त्याहून घाई करता येत नाही. इथे नवं फारसं काही नाही, आणि ते चांगलंच आहे: हे तंत्र मुरलेलं आहे. पण कॅलिब्रेशन लोक उरकून टाकतात. जवळच्या टोकाला २०-३० मीटरचं एक वेटोळं गार आणि एक कोमट पाण्यात, आणि लांबच्या टोकाला आणखी एक, एवढं हवंच. गार टाकीत बर्फाचे खडे टाकून गप्प बसू नका. ४ अंशांचं पाणी सगळ्यात जड, ते तळाशी जाऊन बसतं, आणि तुमचा ‘शून्य अंशांचा’ संदर्भ चार अंशांनी चुकतो. बर्फाचा चुरा हवा आणि पाणी ढवळणारा छोटा पंप हवा.

रामनमधली नेहमीची फसगत म्हणजे घट्ट वाक. वाकलेल्या जागी जास्त तरंगलांबीचा प्रकाश जास्त गळतो. म्हणजे स्टोक्स अधिक कमी होतो, गुणोत्तर वाढतं आणि तापमान चढलेलं दिसतं. ओळखायची खूण सोपी आहे. खरी गरम जागा ओलांडली की आलेख खाली येतो. वाकामुळे आलेली चढण मात्र फायबरच्या शेवटापर्यंत तशीच राहते. दोन्ही टोकांकडून मोजलं तर हा दोष छाटला जातो, पण केबलचा फेरा पूर्ण करावा लागतो आणि नॉईजही वाढतो. खोल विहिरींत हायड्रोजन काचेत शिरून वेगवेगळ्या तरंगलांब्यांना वेगवेगळं गिळतो, तिथे शुद्ध सिलिकाचा गाभा आणि वर कार्बनचा थर असलेलंच फायबर घ्यावं.

ब्रिलुआँचे आकडे: १ मायक्रोस्ट्रेनला सुमारे ०.०५ मेगाहर्ट्झ, १ अंशाला सुमारे १ मेगाहर्ट्झ. म्हणजे १ अंश २० मायक्रोस्ट्रेनचं सोंग घेतो, ग्रेटिंगपेक्षाही वाईट. उपाय केबलमध्येच असतो. एकाच केबलमध्ये एक फायबर घट्ट धरलेलं आणि एक जेल भरलेल्या नळीत सैल. सैल फायबरला ताण कळत नाही, तापमान कळतं, वजाबाकी करा. साध्या टेलिकॉम केबलमध्ये फायबर बहुधा सैलच असतात, तिथे ब्रिलुआँने स्ट्रेनचा नेमका आकडा काढायला बसणं म्हणजे पाण्यावर रेघ ओढणं. विभेदनाची भिंत इथे सुमारे १ मीटरची होती, कारण काचेतली ध्वनिलहर विझायलाच १० नॅनोसेकंद लागतात. ती भिंत वजाबाकीनेच ओलांडली गेली: ६० आणि ५५ नॅनोसेकंदांच्या दोन पल्स वेगवेगळ्या पाठवायच्या आणि उत्तरं वजा करायची. उरतो तो ५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे अर्ध्या मीटरचा भाग.

सगळ्यात जास्त हालचाल आहे ती रॅलेवरच्या ध्वनिसंवेदनात, ज्याला सगळे ‘डास’ (DAS, distributed acoustic sensing) म्हणतात. एकाच रंगाची पल्स सोडायची आणि दोन बिंदूंमधून परतलेल्या प्रकाशाच्या फेजमधला, म्हणजे लाटेच्या टप्प्यातला, फरक बघत राहायचं. त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे गेज लेंग्थ. १५५० नॅनोमीटरला १ रेडियन म्हणजे सुमारे ११६ नॅनोमीटरची लांबीवाढ. गेज लेंग्थ १० मीटर असेल तर ११.६ नॅनोस्ट्रेन. ही संवेदनशीलता थक्क करणारी आहे, आणि तीच गोत्यातही आणते. लागोपाठच्या दोन पल्समध्ये फेज π (पाय) रेडियनपेक्षा जास्त बदलली, म्हणजे १० मीटरवर साधारण ३६ नॅनोस्ट्रेन, तर ती गुंडाळली जाते आणि किती फेरे गेले ते कळत नाही. केबलशेजारी जेसीबीचा बकेट आपटला की आलेखात करवतीचे दात दिसतात, ते हेच. पल्सचा वेग वाढवला तर उपाय होतो, पण एक पल्स परतल्याशिवाय दुसरी सोडता येत नाही. ५० किलोमीटरला जाऊन-येऊन ०.५ मिलिसेकंद लागतो, म्हणून कमाल २ किलोहर्ट्झ. १० किलोमीटरच हवे असतील तर १० किलोहर्ट्झ मिळतात. पेटीला फायबरची खरी लांबी सांगणं हा म्हणूनच फुकटचा फायदा आहे.

गेज लेंग्थ वाढवली की सिग्नल मोठा होतो, म्हणून ती वाढवायचा मोह होतो. पण मऊ मातीत लाटेचा वेग सेकंदाला ३०० मीटर असेल तर ३० हर्ट्झची लाट नेमकी १० मीटर लांब. १० मीटरच्या गेजमध्ये अर्धी लाट ताणते, अर्धी दाबते, बेरीज शून्य. लाट फायबरवरून गेली आणि पेटीला पत्ता लागला नाही. मोजायच्या सर्वात लहान लाटेच्या निम्म्याहून गेज छोटा ठेवा. दिशेचंही तसंच आहे. डास फक्त फायबरच्या लांबीतला ताण ऐकतं, केबलला काटकोनात येणारी दाबलहर त्याला जवळपास ऐकूच येत नाही. फायबर मळसूत्रासारखं गुंडाळलेली केबल यावर उतारा आहे, पण ती जाड, महाग आणि आधीच पुरलेल्या केबलच्या जागी घालता न येणारी.

मग फेडिंग. मागे येणारा प्रकाश हजारो विखुरलेल्या कणांची बेरीज असतो, आणि काही जागी ही बेरीज जवळपास शून्य होते. तिथे फेज म्हणजे निव्वळ कचरा. या जागा ठरलेल्या नसतात, तापमान बदललं की सरकतात. म्हणून एखादा चॅनेल (फायबरवरचा एक मोजणीबिंदू) आज खराब दिसला म्हणून ‘तिथे फायबर खराब आहे’ असं लिहून मोकळं होऊ नये. अलीकडच्या पेट्या दोन-तीन जवळजवळच्या वारंवारिता एकाच वेळी सोडतात आणि ज्या वारंवारितेवर त्या जागी उजेड आहे तिला जास्त वजन देतात. दुसरा मार्ग चर्पचा, म्हणजे पल्सच्या आतच वारंवारिता सरकती ठेवायची. मग फेजऐवजी परतलेल्या ठशाचं सरकणं मोजता येतं. तिसरा मार्ग फायबरच बदलण्याचा. ओढतानाच त्यात ठरावीक अंतरावर फिकट परावर्तक लिहिले की परतणारा प्रकाश १०-१५ डेसिबेलनी वाढतो. निकाल उत्तम, फक्त फायबर नवं टाकावं लागतं. उलट टोकाला पोकळ गाभ्याचं फायबर आहे. २०२५ मध्ये त्यातला प्रकाशाचा क्षय दर किलोमीटर ०.०९१ डेसिबेलपर्यंत खाली आल्याचं प्रसिद्ध झालं. टेलिकॉमला आनंदीआनंद, पण हवेतून जाणारा प्रकाश मागे जवळपास परततच नाही, त्यामुळे डासच्या कामाला ते निरुपयोगी.

आधीच पुरलेल्या केबलचा वापर ही गेल्या काही वर्षांतली खरी झेप. (पुढे २०१८ ते २०२२ ही वर्षं निकाल प्रसिद्ध झाल्याची.) २०१८ मध्ये अतिस्थिर लेझर वापरून जमिनीवरच्या आणि समुद्राखालच्या टेलिकॉम केबलवर भूकंप टिपले गेले. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरातल्या केबलच्या २० किलोमीटरवर चार दिवस डास चालवून समुद्रतळावरचे आधी नकाशात नसलेले भ्रंश दिसले. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस ते चिली अशा सुमारे १०,००० किलोमीटरच्या केबलवर वेगळी पेटीही लागली नाही. चालू वाहतुकीतल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणाच्या चढउतारांतून भूकंप वाचले गेले. त्यात जागा मात्र कळत नाही, सगळी केबल मिळून एकच सेन्सर. २०२२ मध्ये ब्रिटन ते कॅनडा केबलवर प्रत्येक रिपीटरमधून (केबलवाटेवरच्या प्रकाशवर्धकातून) परत येणारी वाट वापरून केबलचे तुकडे वेगवेगळे वाचता आले. साधं डास पहिल्या रिपीटरपाशीच थांबतं, कारण तिथला आयसोलेटर प्रकाशाला उलटं येऊ देत नाही. आइसलँडच्या रेक्यानेस द्वीपकल्पात २०२३ च्या अखेरपासून साध्या टेलिकॉम केबलवर मंद, मिनिटा-मिनिटाचा स्ट्रेन मोजून खाली सरकणाऱ्या मॅग्माचा मागोवा घेतला गेला. इथे तापमानाचा हळू चढउतार हाच मुख्य शत्रू असतो.

यंत्रशिक्षणाबद्दल थोडक्यात: खोदकाम, वाहन, पाऊल, गळती असं वर्गीकरण करणारी मॉडेल एका जागी छान चालतात, दुसरीकडे नेली की घसरतात. माती वेगळी, डक्ट वेगळा, केबलची पकड वेगळी. प्रात्यक्षिकातला अचूकतेचा आकडा कुठल्या जमिनीवरचा आहे हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

माहितीचा ढीग आधी मोजा. ५० किलोमीटर, दर मीटरला एक चॅनेल, १००० हर्ट्झ, प्रत्येकी ४ बाइट म्हणजे सेकंदाला २०० मेगाबाइट, दिवसाला १७ टेराबाइटहून जास्त. गेज १० मीटर असताना १ मीटरवर चॅनेल ठेवून नवीन काही मिळत नाही, ५ मीटर पुरतात. वेळेत विरळ करायचं तर आधी फिल्टर, मगच नमुने गाळा. नाहीतर ४०० हर्ट्झची पंपाची घरघर खालच्या वारंवारितेत दुमडून बसते आणि तिथून ती कधीच काढता येत नाही.

टोकांकडेही बघा. सगळीकडे ८ अंश तिरक्या टोकाचे हिरवे कनेक्टर, आणि जमेल तिथे कनेक्टरऐवजी स्प्लाइस, म्हणजे फायबर वितळवून केलेला कायमचा जोड. जोडण्याआधी सूक्ष्मदर्शक लावून टोक बघायचं, पुसायचं, पुन्हा बघायचं. सरळ कापलेलं मोकळं टोक ४ टक्के प्रकाश परत फेकतं. १ मीटरच्या तुकड्यातून येणाऱ्या रॅलेपेक्षा ते काही लाख पट जास्त आहे, डिटेक्टर तिथे आंधळा होतो. लांबचं टोक ५ मिलिमीटरच्या दांडीभोवती पाच-सहा वेढे देऊन मारून टाका.

आणि शेवटी ठोकाचाचणी. पेटीला २३,४१२ मीटरवर काहीतरी दिसतंय. जमिनीवर ती जागा कुठली? काचेचा अपवर्तनांक १.४६८ ऐवजी १.४७० भरला तर ५० किलोमीटरला जवळपास ७० मीटरची चूक. सैल नळीत फायबर केबलपेक्षा लांब असतं, आणि प्रत्येक चेंबरमध्ये जादा केबलची गुंडाळी पडलेली असते, नकाशात नसलेली. म्हणून एकाने पेटीसमोर बसायचं, दुसऱ्याने जीपीएस आणि घण घेऊन केबलवरून चालायचं. दर दोन-तीनशे मीटरला आणि प्रत्येक चेंबरपाशी, दर दोन सेकंदांनी एक असे पाच ठोके. पाच, कारण एक ठोका गाडीचाही असू शकतो. चेंबरमध्ये खाली उतरून गुंडाळीलाच टिचकी मारली की एकदम वीस-तीस चॅनेल एकाच वेळी उठतात. तेवढे मीटर नकाशातून वजा करायचे आणि पुढच्या झाकणाकडे चालायला लागायचं.